शेत एकाचे, हरीण दुसऱ्याचे

लातूर जिल्ह्यात जंगल शोधायला निघालेल्या माणसाच्या पदरी निराशाच येते. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रात वनाच्छादन एक टक्कासुद्धा भरत नाही. तरीही अहमदपूर, चाकूर, औसा या पट्ट्यात सोयाबीन वीतभर वर आले की भल्या पहाटे शिवारात काळविटांचे कळप उभे असतात. पुढे एखादा काळाभोर नर, मागे पंधरावीस तांबूस माद्या. ही हरणे कुठल्या जंगलातून येत नाहीत. ती इथलीच. माळावर, गायरानात, पडीक बरडात जन्मतात आणि लोकांच्या उभ्या पिकात वाढतात. नांदेडकडे कंधार-मुखेडच्या माळांवर हाच प्रकार. किनवट-माहूरचे सागवानी डोंगर तेवढे वेगळे. थोडक्यात, या दोन जिल्ह्यांतले बहुतेक हरीण खासगी शेतजमिनीवर पोसले जाते आणि त्याचा खर्च सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खिशातून जातो.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९३२ साली हिंदुस्थानातली काळविटे नेऊन सोडली गेली. चितळही त्याच साली गेले. रोही त्याच सुमारास किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणात पोचले. आज तिथे ही जनावरे हजारोंनी आहेत. टेक्सासची पंचाण्णव टक्के जमीन खासगी मालकीची असल्याने तिथे शिकारीचा ठोकाच चालतो: शेतमालक आपले रान हंगामापुरते किंवा वर्षभरासाठी एखाद्या शिकाऱ्याला किंवा चारपाच जणांच्या टोळीला भाड्याने देतो. वाटाड्या नाही, हाका नाही. शिकारी आपली बंदूक, आपला डबा घेऊन येतो, मचाण आपले आपण बांधतो आणि सगळ्यांत लांब शिंगांचा नर हेरून पाडतो. शिंगे घरच्या भिंतीवर जातात, पैसे शेतमालकाच्या खात्यात. तिथल्या मूळच्या हरणांना सरकारी हंगाम आणि मर्यादा लागू आहेत. बाहेरून आणलेल्या काळविटाला मात्र राज्याने असा हंगामच लावलेला नाही. त्याचा जमाखर्च जमीनमालक गुराढोरांसारखाच मांडतो.

एकच जनावर, एका देशात शेताचे उत्पन्न आणि दुसऱ्या देशात शेताचे नुकसान. याचे कारण विचारले तर कोणीही १९७२च्या वन्यजीव कायद्याकडे बोट दाखवील. ते खरे आहे, पण अर्धेच. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने आपल्या रानातली शिकार कधी विकलीच नाही, कारण ती कधी त्याची नव्हतीच. हा इतिहास कायद्यापेक्षा निदान आठशे वर्षांनी जुना आहे.

निलंग्याच्या दक्षिणेला सीमा ओलांडली की बसवकल्याण लागते. हीच चालुक्यांची राजधानी कल्याणी. लातूर-नांदेडचा मुलूख तिच्याच छायेत होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळवावे कसे इथपासून ते जेवावे काय इथपर्यंत राजाच्या आयुष्यातले सगळे त्यात आहे आणि करमणुकीच्या प्रकरणात शिकार मोठ्या तब्येतीने आली आहे. कुत्र्यांची शिकार, ससाण्यांची शिकार, हरणांची शिकार, सगळ्याची वेगवेगळी शास्त्रे. चित्ता पाळून त्याच्याकडून हरीण धरण्याच्या भारतातल्या अगदी जुन्या लेखी नोंदींत या ग्रंथाचा उल्लेख होतो. ग्रंथाचे नाव घेताना स्वयंपाकाचे प्रकरण सगळ्यांना आठवते. मृगयेचे प्रकरण मात्र आजच्या शिवाराच्या दृष्टीने जास्त बोलके आहे: हरीण हा राजाचा विनोद, म्हणजे करमणूक, होता. ज्याच्या जोंधळ्यात तो विनोद चाले त्याचा तिथे प्रश्नच येत नाही.

यादव गेले, बहामनी आले, बीदरची बरीदशाही आली, मोगल आले. उदगीर, औसा, कंधारचे किल्ले हातोहात फिरले. शिकारीचा हक्क मात्र किल्ल्याच्या किल्ल्यांसोबत नव्या धन्याकडे जात राहिला.

नांदेडच्या गोदाकाठी एक गुरुद्वारा आहे, त्याचे नावच शिकारघाट. गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला आले आणि त्याच वर्षी इथेच त्यांचा अंत झाला. त्या काही महिन्यांत ते या भागात शिकारीला जात, अशी शीख परंपरा सांगते. शिकारघाटाची कथा सशाची आहे: गुरूंनी मारलेल्या सशाच्या रूपात मूला खत्री नावाचा जुना भक्त होता आणि त्या शिकारीने त्याची जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका झाली. ज्याला शिकारीत केवळ हिंसा दिसते त्याने या घाटावर थोडे थांबावे. त्या काळी शिकार हा शस्त्र धरणाऱ्याच्या रोजच्या तालमीचा भाग होता आणि त्यात धर्माचाही अर्थ भरला जाई. मराठवाड्यात एखाद्या पवित्र स्थळाच्या नावातच शिकार असल्याचे दुसरे उदाहरण चटकन सापडणार नाही.

मग निजामी. १७२४पासून १९४८पर्यंत, मध्ये काही तुकडे इकडेतिकडे झाले ते सोडता, हा मुलूख आसफजाही राज्यात होता. हैदराबाद संस्थानाची जमीन एकाच धन्याची नव्हती. दिवाणी मुलूख सरकारी. त्याखेरीज सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, पायगा सरदारांचे तालुके, जहागिरी, लहानमोठी संस्थाने. हा दिवाणीबाहेरचा भाग राज्याच्या जवळपास चार दशांश भरे. जहागिरीत वसुली जहागीरदाराची, न्याय बराचसा जहागीरदाराचा आणि शिकारही जहागीरदाराची. पाहुणा साहेब आला की परवानगी त्याच्याकडून घ्यायची आणि बाकीचा बंदोबस्त गावाने करायचा. हाका घालायला माणसे गावची, गाड्या गावच्या, कोंबड्या-अंडी-दूध गावचे, वेठीला मोबदला जवळजवळ नाही. ज्या शेतातून हाका जाई त्या शेताची तुडवणूक हा धन्याच्या आनंदाचा किरकोळ भाग समजला जाई. टेक्सासच्या ठोक्याचे हे बरोबर उलटे रूप होते: तिथे शिकारी शेतकऱ्याला पैसे मोजतो, इथे शेतकऱ्याने शिकाऱ्याला श्रम मोजले.

सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या काळात या वैभवाचा कळस झाला. १८६६चा जन्म, १९११ला मृत्यू. वाघाच्या शिकारीसाठी तो दख्खनभर प्रसिद्ध होता आणि त्याच्या दरबारचा छायाचित्रकार लाला दीनदयाळ याने त्या शिकारी काचेच्या पट्ट्यांवर टिपून ठेवल्या. मेलेल्या वाघाच्या मागे खुर्च्यांवर बसलेली मंडळी आणि त्यांच्याही मागे उभे, नाव नसलेले हाकेवाले. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झन हैदराबादेत वाघावर आला तेव्हाही अशीच छायाचित्रे निघाली. वाघ-अस्वलांसाठी राज्याचा पूर्व आणि उत्तर भाग नावाजलेला. आजचे किनवट त्यातच धरायचे, कारण किनवट १९५६पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार पुनर्रचनेत ते नांदेडला आले. तसेच उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरकडून उस्मानाबादला आले. लातूर जिल्हा तर १९८२चा. आजच्या नकाशावर जुनी शिकार शोधताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पश्चिमेकडे, म्हणजे लातूर-उस्मानाबादच्या उघड्या माळांवर, वाघाला लपायला झाड नव्हते. तिथली मुख्य शिकार काळविटाची. आणि काळविटाची शाही शिकार म्हणजे चित्ता. पद्धत अशी: डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा आणि गाडी कळपाच्या दिशेने तिरकी तिरकी हाकत न्यायची. माणूस पायी दिसला तर काळवीट उधळते. बैलगाडी मात्र त्याच्या रोजच्या पाहण्यातली, म्हणून तिला ते जवळ येऊ देते. टप्प्यात आल्यावर टोपी काढायची. चित्ता दबकत उतरतो, मग तीनचारशे पावलांचा एकच झपाटा. साधले तर काळविटाचा गळा दाबून धरतो. नाही साधले तर धापा टाकत तिथेच बसतो आणि त्या दिवशी पुन्हा पळायला राजी होईलच असे नाही. साधल्यावर चित्तेवान पळीभर रक्त त्याच्या पुढ्यात धरून सावजावरून त्याचे तोंड सोडवतो आणि टोपी परत चढते.

१८९३च्या जानेवारीत ऑस्ट्रियाचा राजपुत्र फ्रान्झ फर्डिनांड जगप्रवासात हैदराबादला आला तेव्हा निजामाने त्याच्यासाठी हीच करमणूक मांडली. हा गृहस्थ शिकारीच्या बाबतीत वेडाच होता. त्याच्या आयुष्यभराच्या शिकारवहीत पावणेतीन लाखांच्या आसपास बळींची नोंद सांगितली जाते. एकवीस वर्षांनी सारायेव्होत तो स्वतःच गोळीला बळी पडला आणि पहिले महायुद्ध पेटले.

चित्त्यांचा हा शौक मराठी मुलखात सगळ्यांत जास्त टिकला तो कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराजांनी तो वाढवला आणि पुढेही तो चालू राहिला. पण तोवर हिंदुस्थानातला चित्ता संपत आला होता. १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी निदान दोनशे चित्ते आफ्रिकेतून विकत आणले, अशी नोंद या विषयाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांनी केली आहे. १९४७ साली मध्य हिंदुस्थानातल्या कोरिया संस्थानाच्या राजाने शेवटचे तीन मारले. १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. सत्तर वर्षांनी तो नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोत परत आणला गेला, त्या दिवशी तारीख होती १७ सप्टेंबर २०२२. मराठवाड्यात त्या दिवशी गावोगाव झेंडा चढत होता, कारण तो मुक्तिसंग्राम दिन. निजामाचे राज्य ज्या तारखेला संपले त्याच तारखेला निजामाचे आवडते जनावर परत यावे, हा योगायोगच.

चित्ता कोण धरत असे? निजाम नव्हे, छत्रपतीही नव्हेत. ते काम पारध्यांचे. चित्ते ठरावीक झाडांच्या बुंध्यांना नखे घासायला येतात, हे त्यांना ठाऊक. त्या झाडाभोवती फासे पेरून ठेवायचे आणि पूर्ण वाढलेला, स्वतः शिकार शिकलेला चित्ता धरायचा. पिल्लू धरून उपयोग नसतो, कारण पळून मारायचे कसब त्याला माणूस शिकवू शकत नाही. हे ज्ञान कुठल्याही दरबारी ग्रंथापेक्षा पक्के होते.

हरणाच्या बाबतीत फासेपारधी स्वतःच चित्ता होता. त्याची साधने दोन. एक म्हणजे फाशांची माळ: चामड्याच्या किंवा तातीच्या दोरीला ओळीने बांधलेले सरकफासे, दोन्ही टोकांना आणि मधेमधे खुंट्या. ती हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गवतात अंथरायची आणि बाकीच्यांनी लांबून, न घाबरवता, कळप हळूहळू त्या बाजूला लोटायचा. दुसरे साधन बैल. शिकवलेला बैल चरत चरत कळपाजवळ नेतात आणि पारधी त्याच्या आडोशाने, त्याच्याच पावलाला पाऊल जुळवून पुढे सरकतो. शेतात रोज बैल पाहिलेले हरीण बैलाला भीत नाही. राजाची बैलगाडी आणि पारध्याचा बैल यांत युक्ती एकच; फक्त एकाच्या गाडीवर टोपी घातलेला चित्ता आणि दुसऱ्याच्या हातात दोरी. नराचा माज वापरण्याचीही एक रीत होती. पाळलेल्या काळविटाच्या शिंगांना फासे बांधून त्याला कळपाजवळ सोडायचे. कळपातला नर झुंजायला धावून येतो आणि शिंगात शिंग अडकले की तोच अडकतो.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. खासगी शेतजमिनीवरची, धन्याच्या परवान्यावाचून चाललेली आणि तरीही शेतकऱ्याला मान्य असलेली शिकार मराठवाड्यात होती ती ही एवढीच. पारधी गावाच्या शिवेवर उतरत, जात्याला टाकी घालून देत, तितर-लावे-हरीण धरत आणि मांस धान्याच्या बदल्यात देत. राखण करून थकलेल्या शेतकऱ्याला हरीण कमी झालेले हवेच असे. यात पैशाचा करार नव्हता, कागद नव्हता. दोघांचेही भागत होते. शिंगांच्या लांबीशी दोघांनाही देणेघेणे नव्हते. पारध्याला मादी सापडली काय, नर सापडला काय, सारखेच.

पण इंग्रजी राज्याने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जमातींवर शिक्का मारायला सुरुवात केली आणि निजामाच्या राज्यातही त्याच धर्तीचे नियम आले. पारधी त्या यादीत अडकले. पोलिसात हजेरी, गाव सोडायला परवानगी. ज्याचा धंदाच रानोमाळ फिरण्याचा, त्याचे फिरणेच गुन्हा ठरले. शाहू महाराजांनी मात्र याच फासेपारध्यांना बोलावून कोल्हापुरात वसवले, पहाऱ्यावर नेमले, त्यांची हजेरी बंद केली. स्वतः शिकारी असल्याने माग काढणाऱ्या माणसाची किंमत त्यांना कळत होती, असे म्हणायला जागा आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर या जमाती विमुक्त झाल्या. वीस वर्षांनी वन्यजीव कायद्याने फासा टाकणे हाच गुन्हा ठरवला. एका कायद्यातून माणूस सुटला आणि दुसऱ्यात त्याचा धंदा अडकला. वाघ वाचवायचा तर असे काहीतरी करावेच लागणार होते, हे मान्य. पण राजेरजवाड्यांना त्याच कायद्याने भिंतीवरची शिंगे नोंदवून घरात ठेवू दिली आणि पारध्याला त्याच्या फाशांच्या बदल्यात काहीच दिले नाही, हा हिशेब कुणी मांडलेला नाही. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तणमोराच्या रक्षणाचे काम फासेपारध्यांना सोबत घेऊन झाले आहे; मराठवाड्यात तसे काही मोठ्या प्रमाणावर व्हायला हवे होते.

शिंगांची लांबी मोजण्याचा शौक साहेबांनी आणला. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या दुकानदाराने १८९२पासून जगभरच्या शिकारीच्या शिंगांच्या मापांची पुस्तके काढायला सुरुवात केली आणि कुठल्या अधिकाऱ्याचे काळवीट किती इंचांचे, ही बढतीइतकीच महत्त्वाची बाब झाली. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, होत्या. सुट्टीच्या दिवशी करायचे काय? तर घोड्यावरून रानडुकराला भाल्याने मारणे आणि पायी काळविटामागे जाणे. याच कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी १९२८ साली दख्खनच्या शिकारीवर आणि वन्यजीवनावर एक आख्खे पुस्तक लिहिले. दख्खनी काळविटाची शिंगे पंजाब-राजपुतान्याच्या मानाने आखूड भरतात. इथे वीस इंच म्हणजे मिरवण्यासारखे. त्या वीस इंचांसाठी साहेब दिवसभर ढेकळांतून सरपटत. याला परवानगी लागत असे ती वरच्या अधिकाऱ्याची किंवा जहागीरदाराची. ढेकळे ज्याची, तो लांब उभा राहून बघे.

युरोपातही शेतकरी असाच लांब उभा होता, फक्त तिथे तो चिडला. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, त्यात उमरावांचा शिकारीचा हक्कही होता; आपल्या पिकातला ससा आपण मारू शकत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याचे जुने दुखणे होते. जर्मनीत १८४८च्या उठावाने दुसऱ्याच्या जमिनीवरची शिकारीची मिरासदारी मोडली आणि हक्क जमीनमालकाकडे आला. इंग्लंडमध्ये १८८०च्या कायद्याने कुळाला आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क मिळाला. जर्मनांची पुढची व्यवस्था तर मराठवाड्याने नीट बघावी अशी आहे. तिथे ७५ हेक्टरांहून लहान जमिनी असलेल्या मालकांचे गावापुरते मंडळ कायद्यानेच बनते. ते सगळ्यांच्या रानातली शिकार मिळून एका शिकाऱ्याला भाड्याने देते, साधारण नऊ वर्षांसाठी. भाडे सभासदांचे आणि जनावरांनी पीक खाल्ले तर त्याची भरपाईही करारात बहुधा त्या शिकाऱ्याच्याच गळ्यात पडते. शिकार करायची तर नुकसान भरून द्या, इतका सरळ हिशेब.

हैदराबादेत तसे व्हायला राज्य उलथावे लागले असते. ते उलथले, सप्टेंबर १९४८मध्ये. पुढच्या वर्षी जहागिरी खालसा झाल्या. १९५०च्या हैदराबाद कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याकडे सरकू लागली. शिकारीचा हक्क मात्र शेतकऱ्याकडे न जाता बंदूक आणि जीप असलेल्या कोणाकडेही गेला. महायुद्धातून उरलेल्या जीपगाड्या लिलावात स्वस्त मिळाल्या. रात्री माळावर जीप घालायची, प्रखर दिव्याने कळप दिपवायचा आणि बार टाकायचे. हरीण उजेडाकडे बघत उभे राहते. पीक संरक्षणाच्या नावावर दिलेल्या ठासणीच्या बंदुकाही या कामी आल्या. त्यांचा दुरुपयोग हा त्या काळच्या निसर्गप्रेमींच्या लिखाणातला नेहमीचा विषय आहे. देशातली काळविटे १९४७मध्ये ऐंशी हजार होती, ती १९६४पर्यंत आठ हजारांवर आली, असा अंदाज नेहमी दिला जातो. राजांनी हजार वर्षे मारून जे संपले नाही, ते स्वातंत्र्याच्या पहिल्या सतरा वर्षांत संपत आले.

शिकार भाड्याने देण्याचा धंदा या काळात भारतातही झाला, पण जंगलात. वनखाते जंगलाचे गट पाडून पंधरवड्याच्या मुदतीने शिकारीला देई आणि कंपन्या परदेशी पाहुण्यांना तिथे घेऊन जात. नागपूरची अल्विन कूपर ही त्यातली नावाजलेली कंपनी, पुढे केंद्रीय मंत्री झालेल्या विद्याचरण शुक्लांची. डॉलर येत. ते वनखात्याकडे आणि कंपनीकडे जात. जंगलाकडेच्या गावाला हाक्याची मजुरी मिळे. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि या धंद्याची कंबर मोडली.

१९७२ म्हटले की मराठवाड्याला दुष्काळ आठवतो. सुकडी आणि खडी फोडणे आठवते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला, याकडे इथे कोणाचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. त्या कायद्याने काळवीट पहिल्या परिशिष्टात घातले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर तिसऱ्यात. आणि बहुतेकांना ठाऊक नसते ती गोष्ट अशी की मूळ कायद्यात परवान्याची शिकार शिल्लक होती, लहान शिकारीचा परवाना, मोठ्या शिकारीचा परवाना. ती सोय १९९१च्या दुरुस्तीने कायमची काढली. म्हणजे भारतात हौसेची शिकार पूर्णपणे बंद होऊन अजून चाळीस वर्षेसुद्धा झालेली नाहीत.

कायद्याचे ३९वे कलम आणखी गमतीचे आहे. मारलेले किंवा मेलेले सापडलेले वन्य जनावर, त्याचे कातडे, शिंगे, मांस ही शासनाची मालमत्ता. जिवंत, चरणाऱ्या हरणाबद्दल ते काही बोलत नाही. तेव्हा तुरीत शिरलेले काळवीट कोणाचेच नसते. ते तिथेच मरून पडले की त्याला लगेच मालक फुटतो.

बंदीचा परिणाम दिसला. अहमदनगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८०मध्ये काळविटांसाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले आणि तिथे ती वाढली. अभयारण्य नसलेल्या लातूर-नांदेडच्या माळांवरही वाढली. चित्ता गेलेला, लांडगा कमी झालेला, बंदूक थांबलेली. पडीक माळ मात्र नांगराखाली आलेला. गवत खाणाऱ्या जनावराने मग सोयाबीन खाल्ले, कोवळी ज्वारी खाल्ली, हरभऱ्याचे घाटे खाल्ले. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, रानात आंबील-भज्जीची पंगत बसते तेव्हा गप्पांत बाजारभावानंतरचा विषय आता हरीण-डुकरांचाच असतो. बांधावर जुन्या लुगड्यांचे कुंपण, टिनाचे डबडे, भोंग्यावर कुत्र्यांचे रेकॉर्ड केलेले भुंकणे, ऐपत असेल तर झटका मशीन. काही जण थेट विजेची तार सोडतात आणि त्यात माणसेही मेली आहेत.

सरकारचे धोरण दोन बाजूंनी ओढलेले. रोही आणि रानडुकरांपुरती परवाना घेऊन मारण्याची वाट २०१५मध्ये महाराष्ट्राने थोडी रुंद केली. काळविटाला ती लागू नाही आणि लागू होणेही कठीण. बिहारने २०१६मध्ये मोकाम्याला रोह्यांवर बाहेरचे नेमबाज बोलावले तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर भांडण झाले. मध्य प्रदेशाने २०२५मध्ये शाजापूरकडच्या शेतांतून शेकडो काळविटे हेलिकॉप्टरने हाकून, पकडून, अभयारण्यांत नेऊन सोडली. हेलिकॉप्टरचा हाका, आणि या वेळी हाकेवाल्यांना पगार.

मग टेक्सास? मराठवाड्यातही काही जण अधूनमधून विचारतात, हरणांची शिकार ठोक्याने देऊ द्या, पैसा तरी येईल. मागणी समजण्यासारखी आहे आणि तरीही चुकीची आहे. जमिनी लहान आहेत ही अडचण खरी नव्हे. महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे दीड हेक्टरही नाही, पण जर्मन गावाने त्यावर तोड काढलीच होती. खरी अडचण अशी की भाड्याने शिकार घेणारा शिंगे बघून मोठा नर मारतो. पीक खाणाऱ्या पंचवीस माद्या मागे राहतात. म्हणजे नुकसान तसेच आणि वर शिवारात, जिथे खुरपणीला बायका आणि राखणीला पोरे असतात, तिथे परक्याची रायफल. काळविटाची आजची संख्याही एका पिढीच्या संयमातून आलेली आहे. ती किती लवकर घसरते हे १९४७ ते १९६४ने दाखवून ठेवले आहे.

पण ठोक्याचा हिशेब टाकून देण्यासारखा नाही. ज्याचे जनावर दुसऱ्याच्या रानात चरते त्याने चराईचे पैसे द्यावेत, हे गावात कोणालाही पटते. हरीण जगवायचे हे सरकारने ठरवले, समाजाने ते उचलून धरले, मग चराई सरकारनेच भरली पाहिजे. आजची नुकसानभरपाई ही चराई म्हणून मिळत नाही, दया म्हणून मिळते. तीन दिवसांत अर्ज करा, मग वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतील, तोवर खाल्लेले पीक खाल्लेलेच दिसले पाहिजे. हरीण शेंडे खुडते. आठवड्यात फुटवा येतो, पंचनाम्यात नुकसान कमी भरते आणि उतारा मात्र काढणीला पडतो. त्यापेक्षा गावोगावी कळपांची दरवर्षी मोजणी करावी, ज्या शिवारात जेवढी हरणे तेवढी ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीमार्फत त्या शिवारातल्या खातेदारांना एकरी द्यावी आणि मोजणीच्या कामावर गावातली पारधी कुटुंबे पगारी नेमावीत. माग काढणे त्यांच्याइतके कोणाला येत नाही. लातूर जिल्ह्याच्या वनखात्याला राखायला जंगल जवळजवळ नाही. त्याच्या वाट्याचे वन्य जीव शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर राहतात. तेव्हा त्या खात्याच्या अंदाजपत्रकातला मोठा खर्च शेतकऱ्याकडेच गेला पाहिजे.